नफा झाला, मग स्क्रॅपवाल्याचं पेमेंट का थांबलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या ग्रे आयर्न फाउंड्रीत (बिडाच्या ओतकामाच्या कारखान्यात) बरीच वर्षं प्रॉडक्शन सांभाळून तुम्ही आता प्लँट हेड झालात. महिन्याच्या आढावा बैठकीत मालक आणि सीए जे बोलतात ते डोक्यावरून जातं. मागच्या बैठकीत महिना नफ्यात गेल्याचं सांगितलं आणि त्याच आठवड्यात स्क्रॅपवाल्याचं पेमेंट थांबल्यानं त्याची गाडीच आली नाही. शिवाजी विद्यापीठातून बाहेरून एमबीए करावं, दोन दिवसांचा एखादा कोर्स करावा की पुस्तक वाचावं, असं तुम्ही विचारलंय.

मी कॉस्ट अकाउंटंट आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत अशा तिन्ही ठिकाणच्या फाउंड्र्या आणि मशीनशॉपची कामं करतो, त्यामुळं तुमच्यासारखे इंजिनिअर रोज भेटतात. एमबीए आत्ता नको. करायचंच असेल तर दोन वर्षांनी करा, तेव्हा त्यातलं निम्मं तुम्हाला आधीच येत असेल. दोन दिवसांच्या कोर्समध्ये सॉफ्टवेअर कंपनीचा किंवा किराणा दुकानाचा ताळेबंद दाखवतात. त्यात ना हीट (भट्टीतलं एका वेळचं वितळण) असते ना रिटर्न (परत भट्टीत जाणारं मेटल), म्हणून सोमवारी शॉपवर आल्यावर त्याचा उपयोग होत नाही.

तुम्हाला अडचण शब्दांची वाटते. शब्द पंधरा-वीसच आहेत, एका दुपारी होतील. खरी अडचण अशी की बैठकीतले निम्मे आकडे तुमच्याच निर्णयांतून तयार होतात, पण शॉपवरचा कुठला निर्णय कुठल्या कागदावर जाऊन बसतो हे तुम्हाला कुणी दाखवलेलं नाही. ती वाट एकदा कळली की भाषा आपोआप कळते.

काही गोष्टी तुमच्या कंपनीवर अवलंबून आहेत. मालक खरे आकडे दाखवतात का, माल स्वतःचा ओतता की ग्राहकाच्या मेटलवर जॉबवर्क करता, गिऱ्हाईक मोठी ट्रॅक्टर कंपनी आहे की स्थानिक पंपवाला, यावर तपशील बदलेल. खालचे आकडे समजुतीसाठी मी धरलेले आहेत. तुमचे वेगळे असतील, ते घालून बघा.

समजा महिन्याला २०० टन चांगलं कास्टिंग (ओतीव माल) विकता. दर टनाला १,१०,००० रुपये, जीएसटी सोडून. टनामागं मेटल ४८,०००, वीज १४,०००, वाळू-बाइंडर वगैरे ९,०००, फेटलिंग (ओतलेल्या मालाची साफसफाई) आणि कंत्राटी मजुरी ९,०००, गाडीभाडं २,०००. एकूण ८२,०००. हा खर्च टन वाढला की वाढतो, टन कमी झाला की कमी होतो. उरले २८,०००. याला कॉन्ट्रिब्युशन म्हणतात. पगार, व्याज, घसारा, विजेचा डिमांड चार्ज, ऑफिस असा न हलणारा खर्च महिन्याला ४२ लाख धरू. ४२ लाखांना २८ हजारांनी भागलं की १५० टन येतात. १५० टनांपर्यंत तुम्ही फक्त खर्च भरून काढताय, त्यापुढच्या ५० टनांवर २८ हजारांप्रमाणं १४ लाख नफा. बैठकीत 'ब्रेक-इव्हन' म्हणतात ते एवढंच.

विजेच्या बाबतीत एक लक्षात ठेवा. अकाउंट्सवाले बऱ्याचदा अख्खं बिल टनावर वाटून मोकळे होतात. भट्टी आठवडाभर बंद ठेवली तरी डिमांड चार्ज लागतोच, तो न हलणाऱ्या खर्चात हवा. आणि मोल्ड (साचे) तयार नाहीत म्हणून मेटल भट्टीत धरून ठेवलं की जे युनिट जळतात ते कुठल्याच टनात दिसत नाहीत. ते फक्त तुम्हाला माहीत असतात. बैठकीत सांगण्यासारखी गोष्ट आहे ती.

आता तुमचा मूळ प्रश्न, स्क्रॅपवाल्याचा. नफा १४ लाख. घसारा समजा ६ लाख. तो खर्च म्हणून वजा केलेला असतो, पण त्या महिन्यात खिशातून गेलेला नसतो, म्हणून परत मिळवायचा. झाले २० लाख. इथपर्यंत पैसा यायला हवा होता. पण तुम्ही २१५ टन ओतले आणि २०० विकले. उरलेल्या १५ टनांत टनाला ८०,००० प्रमाणं १२ लाख अडकले. गाडीभाडं अजून लागलेलं नाही, म्हणून ८२ ऐवजी ८०. शिवाय महिन्याचं टार्गेट पुरं करायला शेवटच्या दोन दिवसांत २० टन जादा डिस्पॅच झालं. त्याचं बिल २२ लाख अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे २६ लाख येणं वाढलं. त्यातला जीएसटीचा ४ लाखांचा भाग पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा, गिऱ्हाईकाचं पेमेंट ९० दिवसांनी आलं तरी. इनपुट क्रेडिट (खरेदीवर आधीच दिलेला जीएसटी) वजा होतं हे खरं, पण क्रेडिट तेवढंच आणि बिलं जास्त, त्यामुळं रोख भरणा वाढतोच. शेवटी टर्म लोनच्या हप्त्यातलं मुद्दल ४ लाख. व्याज नफा-तोटा पत्रकात दिसतं, मुद्दल तिथं दिसतच नाही.

वीसातून १२, २६ आणि ४ वजा करा. उणे २२ लाख. नफा १४ लाख आणि जीएसटी भरून होईपर्यंत बँकेतली सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचलायचं कर्ज) २२ लाखांनी जास्त वापरली गेली, दोन्ही एकाच महिन्याच्या धंद्यातून, आणि दोन्ही आकडे बरोबर. यात कुणी खोटं बोललेलं नाही. सीसी लिमिट आधीच कडेला आलेली असेल तर कुणाचं तरी पेमेंट थांबणारच, आणि ते नेहमी त्याचंच थांबतं जो फोनवर ओरडत नाही.

यातली १२ आणि २६ ही दोन्ही आकडेवारी तुमच्या शॉपवर ठरली. किती ओतायचं ते तुम्ही ठरवलं, महिनाअखेरची पळापळ तुमच्या माणसांनी केली. म्हणून मी म्हणतो की हा विषय तुमचाच आहे.

इथं एक फसवी गोष्ट आहे. हिशेबाच्या नियमांनुसार तयार मालाच्या साठ्यात कारखान्याच्या स्थिर खर्चाचा वाटाही धरतात. ४२ लाखांपैकी ३० लाख कारखान्याचे आणि नेहमीची क्षमता २४० टन धरली तर टनाला १२,५०० होतात. तुमच्या पडून असलेल्या १५ टनांवर १,८७,५०० रुपये खर्चातून उचलून साठ्यात जातात. म्हणजे मी १४ लाख म्हटलं तिथं तुमचे सीए जवळपास १६ लाख दाखवतील. विक्री तेवढीच, बँकेत पैसा तेवढाच, नफा मात्र वाढला. जास्त ओतून ठेवलं की महिना चांगला दिसतो, आणि पुढं ओतणं कमी करून तो साठा विकला की तो महिना कारण नसताना वाईट दिसतो. नफ्याचा आकडा ऐकला की पहिला प्रश्न विचारायचा: साठा किती वाढला?

आपल्या जिल्ह्यात हे समजावायला मी कायम साखर कारखान्याकडं बोट दाखवतो, कारण घरात ऊस नाही असा माणूस इथं कमीच. ऊस तुटून गेला की १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं १४ दिवसांत एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर) द्यायची, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. साखर मात्र केंद्राच्या महिन्याच्या कोट्याप्रमाणं वर्षभर विकायची. हंगामात कच्च्या मालाचे पैसे लगेच द्यायचे आणि तयार माल गोदामात. मधला काळ कारखाना साखर तारण ठेवून काढतो. हा मधला काळ काढायला लागणारा पैसा म्हणजेच खेळतं भांडवल. तुमच्या फाउंड्रीत साखरेच्या पोत्यांऐवजी फेटलिंगला पडलेली कास्टिंग आहेत आणि गिऱ्हाईकाकडं अडकलेली बिलं आहेत, इतकंच.

बँक याच्याकडं कसं बघते तेही बघून घ्या. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट (साठा आणि येण्यांचं पत्रक) जातं, त्यावर ड्रॉइंग पॉवर, म्हणजे सीसीतून किती उचलता येईल ते, ठरते. बहुतेक ठिकाणी साठा आणि येणी यांवर २५ टक्के मार्जिन कापतात आणि ९० दिवसांपेक्षा जुनी येणी धरतच नाहीत. तुमच्या सँक्शन लेटरमध्ये (कर्जमंजुरीच्या पत्रात) नेमकं काय आहे ते बघा, बँकेगणिक फरक असतो. आता एका गिऱ्हाईकाची ४० लाखांची बिलं ९१ व्या दिवसात गेली की काय होतं? पैसे आले नाहीत ते वेगळंच, वर ड्रॉइंग पॉवर ३० लाखांनी घसरते.

आणि ही बिलं का अडकतात? मालकांना वाटतं मार्केटिंगवाले पाठपुरावा करत नाहीत. मी फायली उघडतो तेव्हा बऱ्याचदा वेगळंच निघतं. इन्स्पेक्शन रिपोर्ट मालासोबत गेला नाही. दर सुधारला पण पीओची (खरेदी ऑर्डरची) सुधारित प्रत आली नाही, त्यामुळं बिलाचा दर आणि त्यांच्या सिस्टीममधला दर जुळत नाही. दोन कास्टिंगमध्ये ब्लोहोल (वायूच्या पोकळ्या) सापडली आणि अख्ख्या लॉटचा जीआरएन (माल स्वीकारल्याची नोंद) लटकला. एकाही कारणाचा अकाउंट्सशी संबंध नाही. तुम्ही महिन्यातून एकदा ६० दिवसांवरच्या बिलांची यादी मागवा आणि प्रत्येक बिलापुढं अडकण्याचं कारण क्वालिटी आणि डिस्पॅचच्या माणसाकडून लिहून घ्या. मला विचाराल तर नवख्या प्लँट हेडनं सगळ्यात आधी करायचं काम हेच. याला फायनान्स येत असायला लागत नाही, आणि पुढच्या बैठकीत तुमच्या तोंडून जे निघेल ते सीएंनाही माहीत नसेल.

रिजेक्शनबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्या फाउंड्र्यांत याचा हिशेब सर्रास चुकीचा धरतात. 'मेटल कुठं जातंय, परत भट्टीतच येतंय की,' असं सुपरवायझर म्हणतो. मेल्टिंग लॉस सोडला तर मेटल येतं, कबूल. पण वीज १४, वाळू-बाइंडर ९, मजुरी ९, असे टनामागं ३२ हजार गेलेच. महिन्याला १२ टन रिजेक्शन असेल तर ३,८४,००० रुपये. हे भट्टीला वेळ शिल्लक असताना, म्हणजे बदली माल पुन्हा ओतून देता येतो तेव्हा. भट्टी पूर्ण भरलेली असेल आणि गिऱ्हाईक माल मागत असेल तर त्या टनावर मिळणारं २८ हजारांचं कॉन्ट्रिब्युशनही बुडालं. मग टनाला ६० हजार आणि १२ टनांचे ७,२०,०००. नफा १४ लाख असलेल्या कारखान्यात ही रक्कम लहान नाही. मशीनिंग झाल्यावर सापडलेलं रिजेक्शन याहून महाग, आणि गिऱ्हाईकाच्या लाइनवर सापडलेलं सगळ्यात महाग, कारण तिथं डेबिट नोट (बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी) येते आणि त्या डेबिट नोटेपायी वर सांगितलेलं पेमेंटही अडकतं.

तेव्हा रिजेक्शन रिपोर्टमध्ये टक्क्यांशेजारी रुपयांचा रकाना वाढवा. कोअरचा (कास्टिंगच्या आतली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याचा) फिक्श्चर बदलायला दीड लाख मागायचे असतील तर 'क्वालिटी सुधारेल' म्हणून मालक सही करत नाहीत. 'महिन्याला तीन टन रिजेक्शन वाचेल, म्हणजे ९६ हजार' म्हटलं की करतात. अर्थात ते तीन टन खरंच वाचवून दाखवावे लागतात.

आता कमी दराची ऑर्डर. मार्केटिंगवाला ९८,००० नं महिन्याला ३० टनांची ऑर्डर आणतो. सीए म्हणतात नको: ८२ हजार आणि टनाच्या वाट्याचे २१ हजार धरून १,०३,००० पडतात, पाच हजार तोटा. मार्केटिंगवाला म्हणतो घ्या. दोघंही अर्धे बरोबर. तुमची क्षमता २४० टन आहे आणि विकता २००, म्हणजे भट्टीला वेळ आहे. ते ४२ लाख ऑर्डर घेतली तरी लागणार, नाही घेतली तरी लागणार. मग प्रश्न एवढाच की ९८ वजा ८२, म्हणजे १६ हजार टनाला, ३० टनांचे ४,८०,००० तुम्हाला हवेत का? हवेत. पण तीन गोष्टी बघून. हा दर जुन्या गिऱ्हाईकाच्या कानावर जाऊन तोही कमी दर मागणार नाही ना. त्या ३० टनांचं कास्टिंग कोअर जास्त, फेटलिंग जास्त असलं नाही ना. किलोवर दर ठरवायच्या आपल्या सवयीमुळं किचकट माल स्वस्तात जातो, आणि हे ऑफिसात बसलेल्या कुणाला दिसत नाही. तिसरं, उधारी. ९० दिवसांची असेल तर तीन महिन्यांचा खर्च, ३० गुणिले ८२ हजार गुणिले ३, म्हणजे ७३ लाख ८० हजार आधी घालावे लागतील. दहा टक्क्यांनी त्याचं व्याज महिन्याला एकसष्ट-बासष्ट हजार. ते ४,८०,००० तून सहज निघतं. पण लिमिटमध्ये ७४ लाख मोकळे आहेत का? नसतील तर फायद्याची ऑर्डर घेऊनच कारखाना अडचणीत येतो. तुमच्या प्रश्नात तुम्ही 'ऑर्डर भरपूर आहेत तरी ओढाताण' असं लिहिलंय, ते वाचून मला हाच संशय आला.

मशीन घेण्याबद्दल थोडक्यात. ४५ लाखांचा व्हीएमसी (उभं सीएनसी मशीनिंग सेंटर), महिन्याला दोन लाखांचं बाहेरचं मशीनिंग वाचेल, दोन वर्षांत पैसे वसूल, असा हिशेब इंजिनिअर करतात. ऑपरेटर दोन शिफ्टचे ५० हजार, वीज-इन्सर्ट-कूलंट ३५ हजार, देखभाल १० हजार वजा करा. राहिले १,०५,०००, आणि वसुलीला साडेतीन वर्षं. ३३ लाख ७५ हजारांचं कर्ज दहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ७२ हजारांच्या आसपास. मशीन दोन्ही शिफ्ट भरलेलं असेल तर हातात ३३ हजार उरतात. एकाच शिफ्टचं काम मिळालं तर हप्ता भरायला खिशातून घालावे लागतात. म्हणून प्रस्तावात मशीनच्या कॅटलॉगआधी सहा महिन्यांचं शेड्यूल जोडा.

जाता जाता पुरवठादारांचं. पॅटर्नवाले, उद्यमनगरातले छोटे मशीनिंगवाले यांना 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणायची आपल्याकडं जुनी रीत आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. उशिरावर बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ व्याज. २०२३ च्या वित्त कायद्यानं त्याला आयकर जोडला आणि १ एप्रिल २०२४ पासून तो लागू झाला. सगळे ज्याला ४३बी(एच) म्हणतात ते हेच. मुदत उलटून ३१ मार्चला बाकी राहिलेली रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणून धरत नाहीत, पैसे दिले त्या वर्षी धरतात. म्हणजे न मिळालेल्या नफ्यावर कर. जॉबवर्कचं बिल तुमच्या टेबलावर सहीसाठी आठ दिवस पडून राहत असेल तर त्या मुदतीतले आठ दिवस तुम्हीच खाल्लेत.

मग सुरुवात कशी करायची? अकाउंट्समधून चार कागद मागा: गेल्या सहा महिन्यांचं नफा-तोटा पत्रक, येण्यांची वयवार यादी, बँकेला गेलेलं शेवटचं स्टॉक स्टेटमेंट आणि गेल्या मार्चचा ताळेबंद. ताळेबंद सगळ्यात शेवटी वाचा. आधी स्टॉक स्टेटमेंट घेऊन शॉपवर फिरा आणि कागदावरचा माल डोळ्यांनी बघा. दोन वर्षांपूर्वी बंद झालेल्या मॉडेलची कास्टिंग त्यात पूर्ण किमतीला धरलेली सापडली तर मालकांना एकट्यात गाठून सांगा, बैठकीत नको. मग एक महिना निवडून वर मी केला तसा १४ पासून उणे २२ पर्यंतचा हिशेब तुमच्या आकड्यांनी स्वतःच्या हातानं मांडा. जुळणार नाही. जिथं जुळत नाही तेवढंच अकाउंटंटला विचारा, म्हणजे तोही वैतागणार नाही.

फक्त त्याच्याकडं कधी जायचं ते बघून जा. ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला ३बी (जीएसटी भरण्याचं विवरणपत्र), आणि मध्ये कुठंतरी बँकेचं स्टॉक स्टेटमेंट. या दिवसांत तो तुम्हाला 'नंतर बघू साहेब' म्हणणार आणि तुम्हाला वाटणार की माणूस माहिती लपवतोय. २२ तारखेनंतर दुपारी चहाच्या वेळेला जा.